कसब्याचा हिशेब

राज्यात असे आमदार आहेत, ज्यांना आपला मतदारसंघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायचा तर गाडीत अर्धा दिवस जातो. कसब्याच्या आमदाराने पायात चपला सरकवल्या तरी तास-दीड तासात तेवढेच काम होते. अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागायचे. उजव्या हाताला सदाशिव पेठ, डाव्या हाताला नारायण आणि शनिवार. साड्यांची दुकाने, सराफांच्या पेढ्या, पार्किंगसाठी चाललेली भांडणे हे सगळे ओलांडत बेलबाग चौक गाठायचा. तिथून डावीकडे दगडूशेठ, शनिवारवाडा आणि त्यापलीकडे मतदारसंघाला जिचे नाव मिळाले ती मूळ कसबा पेठ: कसबा गणपती, तांबट आळीतले ठोके, कुंभारवाडा, शेख सल्ल्यांचे दर्गे. उजवीकडे वळले की मंडई, शुक्रवार पेठ, पुढे गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आणि मग लोहियानगर, काशेवाडीच्या दाट वस्त्या.

एवढ्याशा जागेत पावणेतीन लाखांच्या वर मतदार राहतात, निदान यादीत तरी राहतात. बाहेरचे पत्रकार निवडणुकीला येतात तेव्हा बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची बातमी तयार होते. सदाशिव पेठेत मिसळ खाल्ली, एका वाड्याच्या जोत्यावर दोन आजोबांशी बोलले, की ‘भाजपचा बालेकिल्ला’ हा मथळा पक्का. मंडईच्या पलीकडे कोणी फारसे जात नाही. म्हणूनच २ मार्च २०२३ रोजी कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात मतमोजणी सुरू झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर पुढे गेले ते पुढेच राहिले, तेव्हा दिल्लीपर्यंत आश्चर्य झाले. कसब्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना ते तितकेसे वाटले नाही. त्यांच्याकडे आधीच्या निवडणुकांचे आकडे होते.

ते आकडे काय सांगतात ते पाहू. १९७८ मध्ये इथून जनता पक्षाचे अरविंद लेले निवडून आले, १९८० मध्ये तेच भाजपतर्फे. म्हणजे भाजप स्थापन झाला त्याच वर्षी हा मतदारसंघ त्याच्या पदरात पडला. इथवर बालेकिल्ल्याची कथा सरळ आहे. पण पुढच्याच निवडणुकीत, १९८५ मध्ये, काँग्रेसचे उल्हास काळोखे आमदार झाले. १९९० मध्ये भाजपच्या अण्णा जोशींनी जागा परत घेतली. वर्षभरात लोकसभेची निवडणूक लागली. अण्णांनी पुण्यातून बॅरिस्टर विठ्ठलराव गाडगीळांना हरवले आणि दिल्ली गाठली. कसबा रिकामा झाला, पोटनिवडणूक आली. शहराने नुकताच भाजपचा खासदार निवडलेला, हवा अनुकूल, आणि उमेदवार होता नगरसेवक म्हणून नाव कमावलेला, आणीबाणीत तुरुंगात गेलेला, टेल्कोत नोकरी केलेला एक तरुण. तो हरला. काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले. हरलेल्या उमेदवाराचे नाव होते गिरीश बापट.

२०२३ च्या निकालानंतर अनेकांना ही १९९१ ची पोटनिवडणूक आठवली. कसब्याच्या राजकारणातली ही मोठी गंमत आहे. ज्या माणसाने पुढे सलग पाच वेळा जिंकून ‘बालेकिल्ला’ ही कल्पना तयार केली, त्याची इथली सुरुवातच पराभवाने झाली होती.

१९९५, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या पाचही निवडणुका बापटांनी जिंकल्या. ते भाजपच्या पारंपरिक मतांवर निवडून येत, हे खरे असले तरी अर्धेच आहे. पूर्व भागात, जिथे पक्षाचा झेंडा फारसा दिसत नसे, तिथे बापट स्वतः दिसत. कसब्यात राजकारण शिकवणारी शाळा म्हणजे गणेश मंडळ. इथला नगरसेवक, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आधी मंडळाचा कार्यकर्ता असतो. वर्गणीची पावती फाडणे, मांडवाची परवानगी काढणे, विसर्जन मिरवणुकीतल्या क्रमावरून होणारे तंटे मिटवणे, पोलीस चौकीत अडकलेल्या पोराला सोडवणे हा त्याचा अभ्यासक्रम. बापटांना या शाळेतली झाडून सगळी मुले नावाने ठाऊक होती. विरोधी पक्षांतही त्यांचे मित्र इतके, की निवडणुकीच्या दिवसांत काही जण उघडपणे काँग्रेसचे आणि आतून बापटांचे काम करतात, अशी कुजबूज दर वेळी व्हायची. कुजबुजीला पुरावा नसतो, त्यामुळे तिचे वजन किती धरायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

पण २००९ चा निकाल मात्र पुरावाच आहे. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरची ती पहिली निवडणूक. जुना भवानी पेठ मतदारसंघ संपला होता आणि कसब्याच्या पूर्व सीमेला नव्या वस्त्या जोडल्या गेल्या होत्या. नुकत्याच जन्मलेल्या मनसेने शिवसेनेतून आलेल्या रवींद्र धंगेकरांना उभे केले, काँग्रेसने लोकमान्यांच्या घराण्यातल्या रोहित टिळकांना. बापटांना मिळाली सुमारे ५५ हजार मते. धंगेकरांना ४६ हजार ८०० च्या आसपास आणि रोहित टिळकांना त्यांच्यापेक्षा जेमतेम शंभर कमी. बापट आठ हजारांनी जिंकले. विरोधातल्या दोघांची बेरीज मात्र ९३ हजारांच्या पुढे जात होती.

हाच आकडा कसब्याची किल्ली आहे, असे माझे मत आहे. मनसेची सगळी मते काँग्रेसकडे गेली असती असे कोणी म्हणणार नाही. त्यातली बरीच मते युतीचीच होती आणि मनसे नसती तर ती बापटांकडेच वळली असती. तरीही हा गड ज्या तटबंदीवर उभा होता, तिचा मोठा भाग विरोधकांच्या फुटीचा होता. त्यांच्याकडे एकच चेहरा, तोही पेठेतला, असा योग जुळत नव्हता.

२०१४ मध्ये तर सगळेच स्वतंत्र लढले. युती तुटली, आघाडी तुटली. बापटांना ७३ हजारांच्या वर मते मिळाली आणि ते सुमारे ४२ हजारांच्या फरकाने निवडून आले. रोहित टिळक ३१ हजारांवर दुसरे, धंगेकर २६ हजारांच्या आसपास. मोदींची लाट होतीच, पण लाटेपुढेही मते तीन-चार ठिकाणी वाटली गेली की विजय असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.

बापट मंत्री झाले, पुण्याचे पालकमंत्री झाले आणि २०१९ मध्ये खासदार म्हणून दिल्लीला गेले. विधानसभेला त्यांच्या जागी मुक्ता टिळक आल्या. पुण्याला भाजपचा पहिला महापौर २०१७ मध्ये मिळाला, त्या महापौर मुक्ताताईच. आधीच्या दोन निवडणुकांत टिळक काँग्रेसकडून पडले होते, आता दुसरे टिळक भाजपकडून उभे होते आणि जिंकले. मुक्ताताईंना ७५ हजारांवर मते, काँग्रेसच्या अरविंद शिंदेंना ४७ हजारांवर. फरक २८ हजारांचा. कागदावर गड भक्कम. पण याच निवडणुकीत शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे १४ हजारांच्या घरात आणि मनसेचा उमेदवार ८ हजारांवर गेला होता. शिंदे, धनवडे आणि मनसे यांची बेरीज साधारण साडेएकोणसत्तर हजार. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता जरा थांबून पेठेतल्या घरांकडे पाहू. निवडणुकीचे विश्लेषण जातींच्या टक्क्यांत अडकते आणि घरे राहून जातात.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांची टेबले लागतात. टेबलामागे यादी घेऊन बसलेला कार्यकर्ता, त्याच्या हातात शिसपेन्सिल. पश्चिमेकडच्या पेठांत अशा एका टेबलाशी उभे राहून नुसते ऐकले तरी शहर कसे सरकले ते कळते. वाड्याच्या नंबराखाली ओळीने नावे. पेन्सिल एकेका नावावर थांबते. हे कोथरूडला गेले. हे सिंहगड रस्त्याला. ही मुलगी लग्न होऊन नाशिकला. हे गेल्या वर्षी वारले, नाव अजून आहे. हा अमेरिकेत. मग फोन लागतो, “काका, येताय ना? रिक्षा पाठवू का?” कोथरूडहून रिक्षाने मत द्यायला येणारे काका असतात, नाही असे नाही. पण दुपारची वामकुक्षी, रविवार आणि फेब्रुवारी-मार्चचे ऊन यांत ते अनेकदा येत नाहीत. ज्या वाड्यात एकेकाळी पंधरा बिऱ्हाडे होती तिथे दोन-तीन उरली आहेत आणि बाकीच्यांची फक्त नावे यादीत आहेत.

लोक गेले ते हौसेने नाही. वाडा पडायला आलेला, मालक-भाडेकरूंचा दावा पिढ्यान् पिढ्या चाललेला, पुनर्विकासाला नियम आडवे. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय वीट लावता येत नाही, हे केंद्राच्या कायद्याने २०१० मध्ये पक्के झाले. पेशव्यांच्या वाड्याचा उरलेला तट जपायचा म्हणून शेजारच्या माणसाच्या घराची भिंत पडू द्यायची, असा हा प्रकार. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार हा प्रश्न सोडवण्याचे आश्वासन देतो. प्रश्न अजून तिथेच आहे.

त्यात मिळकतकराची भर. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देत असे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि सवलत थांबली. अनेक घरांत फरकाच्या रकमेसकट बिले आली. फ्लॅटच्या हप्त्यांत बुडालेल्या नव्या पुण्याने ती कुरकुरत भरली, पण पेठेतल्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरांत तो रोजच्या बोलण्याचा विषय झाला. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि तक्रार घेऊन जायचे तर नगरसेवकही माजी झालेला.

२२ डिसेंबर २०२२ रोजी मुक्ता टिळक गेल्या. कर्करोगाने खंगलेल्या असतानाही त्या वर्षी जूनमध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या, एकदा नव्हे, दोनदा. पक्षासाठी यापेक्षा अधिक कोणी काय करावे, असे पेठेतल्या बायका बोलत होत्या. थोड्याच दिवसांनी चिंचवडचे भाजप आमदार लक्ष्मण जगताप यांचेही निधन झाले. दोन्ही पोटनिवडणुका एकाच दिवशी लागल्या. चिंचवडमध्ये भाजपने जगतापांच्या पत्नीला उमेदवारी दिली. कसब्यात मात्र टिळकांचे घर सोडून, महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्षपद सलग काही वर्षे सांभाळलेल्या हेमंत रासने यांना.

रासने वाईट उमेदवार होते असे मुळीच नाही. त्याच पेठांतले, मंडळांत वावरलेले, काम करणारे म्हणून ओळखले जाणारे. पण दोन घरांना दोन न्याय का, हा प्रश्न विचारला जाणारच होता. कोथरूडमध्ये २०१९ साली तेव्हाच्या आमदार मेधा कुलकर्णींना बाजूला सारून चंद्रकांत पाटलांना आणल्याची सल होतीच. ती बोलून दाखवणारे फलक चौकात लागले. ब्राह्मण समाजाची नाराजी म्हणून तिची चर्चा झाली आणि हिंदू महासंघाचे आनंद दवे स्वतः उभे राहिले. त्यांना तीनशे मतेसुद्धा मिळाली नाहीत. याचा अर्थ नाराजी नव्हती असा नाही. नाराज माणूस दव्यांकडे गेला नाही, तो घरी बसला.

समोर धंगेकर. शिवसेना, मनसे करत २०१७ मध्ये काँग्रेसच्या वळचणीला आलेले. दुचाकीवर फिरणारे, भाषण यथातथा, सकाळी घराबाहेर पडले की रात्रीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या दारात. काँग्रेसच्या बाळासाहेब दाभेकरांनी बंडखोरीचा अर्ज भरला होता, तो त्यांनी मागे घेतला. राष्ट्रवादी आणि ठाकरेंची शिवसेना झटून कामाला लागली. मतदानाला नऊ दिवस उरले असताना निवडणूक आयोगाने शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण पक्षातून फुटलेल्या एकनाथ शिंदे गटाला दिला, त्याने ठाकरेंचे शिवसैनिक आणखी पेटले. चंद्रकांत पाटलांनी सभेत ‘हू इज धंगेकर?’ असा सवाल केला. पुण्यात प्रश्न विचारताना फार जपून विचारावा लागतो. निकालाच्या दिवशी गुलालात माखलेल्या कार्यकर्त्यांनी त्याचे उत्तर फलकावर छापूनच आणले.

भाजपने कोणतीही कसर ठेवली नव्हती. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, मंत्र्यांची रीघ. अमित शहा पुण्यात आले तेव्हा आजारी बापटांना घरी जाऊन भेटले. बापटांची प्रकृती फार बिघडलेली होती. तरीही केसरीवाड्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीला ते आले, चाकांच्या खुर्चीत, नाकात प्राणवायूची नळी. त्यांना धड बोलवत नव्हते. कार्यकर्त्यांत जोश भरावा म्हणून त्यांना आणले असेल, पण ती छायाचित्रे पाहून पेठेत उलटेच झाले. ज्याने तीस वर्षे इथे पाय झिजवले त्याला या अवस्थेत बाहेर काढायची वेळ यावी, याची हळहळ भाजपच्याच घरांत व्यक्त होत होती. निकालानंतर महिनाभरात, २९ मार्चला, बापट गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी पैसेवाटपाचा आरोप करत धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. आचारसंहितेचा भंग म्हणून त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी पक्षाचे उपरणे घालून मतदान केंद्रात गेल्याबद्दल रासनेंवरही. एकाला एक, हिशेब सारखा.

मतदान झाले सुमारे ५० टक्के. धंगेकरांना ७३ हजारांवर, रासनेंना ६२ हजारांवर. फरक ११ हजारांच्या आसपास. आता २०१९ चा तो साडेएकोणसत्तर हजारांचा आकडा आठवा. धंगेकरांना त्यापेक्षा जेमतेम चार हजार मते जास्त मिळाली होती, तीही मनसेने यावेळी भाजपला पाठिंबा दिलेला असताना. म्हणजे कसब्यात एका रात्रीत कोणतीही क्रांती झाली नव्हती. तीन ठिकाणी पडणारी मते एका जागी पडली, एवढेच. आणि दुसरीकडे भाजपची ७५ हजारांवरची मते ६२ हजारांवर आली; तेरा हजार मतदार मतदानाला उतरलेच नाहीत किंवा फिरले. चिंचवडमध्ये याच्या उलट घडले. तिथे आघाडीचा बंडखोर राहुल कलाटे चाळीस हजारांवर मते घेऊन गेला आणि अश्विनी जगताप सहज निवडून आल्या. दोन निकाल एकाच दिवशी, एकाच गणिताचे दोन उलटे नमुने.

मिळकतकराची ४० टक्के सवलत राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये पूर्ववत केली. पोटनिवडणुकीचा निकाल मार्चमध्ये लागला होता. यातले कार्यकारण वाचकाने आपल्या बुद्धीने जोडावे.

धंगेकर रातोरात राज्याचे नेते झाले. काँग्रेसने त्यांनाच २०२४ मध्ये लोकसभेला उभे केले. भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून ते सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरले. लोकांचे लक्ष एकूण फरकाकडे गेले, जाणकारांचे कसब्याकडे: स्वतः आमदार असलेल्या ठिकाणीही धंगेकर मागे होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. काँग्रेसमध्ये माजी महापौर कमल व्यवहारे यांनी बंड केले, पण त्यांची मते नगण्य राहिली. मनसेच्या उमेदवारालाही पाच हजारांच्या आत समाधान मानावे लागले. रासने ९० हजार ४६, धंगेकर ७० हजार ६२३. फरक १९ हजार ४२३.

या आकड्यांत एक गोष्ट दडली आहे. धंगेकरांची मते पोटनिवडणुकीपेक्षा अडीच-तीन हजारांनीच कमी झाली. त्यांचा मतदार त्यांना सोडून गेला नव्हता. रासनेंची मते मात्र २७-२८ हजारांनी वाढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जे घरी बसले होते ते उठून आले, आणि त्यांच्याबरोबर नवेही आले. लाडकी बहीण योजनेचे पैसे पूर्वेकडच्या वस्त्यांत पोचले होते, संघाचे स्वयंसेवक पश्चिमेकडच्या याद्या घेऊन घरोघर फिरले होते. रासनेंनीही पराभवानंतर दुसऱ्या दिवसापासून फिरणे थांबवले नव्हते, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. थोडक्यात, कसबा दोन्ही वेळा साधारण तेवढाच होता. पहिल्या वेळी एक बाजू पूर्ण आली आणि दुसरी अर्धवट. दुसऱ्या वेळी दोन्ही पूर्ण आल्या. दोन्ही पूर्ण आल्या तर भाजप पुढे असतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याला बालेकिल्ला म्हणायचे असेल तर त्याची दारे दर वेळी माणसे लावून बंद करावी लागतात.

मुख्य वादाचे प्रश्न कुठे आहेत? शनिवारवाड्याभोवतीचे १०० मीटर तसेच. वाड्यांचे दावे तसेच. भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये आली, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानके पेठांच्या पोटात उघडली, आणि तिथून कोथरूडला राहायला गेलेले काका आता रिक्षाशिवाय मत द्यायला येऊ शकतात. अर्थात नाव यादीत राहिले असेल तर.

१० मार्च २०२५ रोजी रवींद्र धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले. रासने भाजपचे आमदार आहेतच. म्हणजे २०२४ मध्ये कसब्यातल्या ज्या दोन उमेदवारांनी मिळून १ लाख ६० हजारांवर मते घेतली, ते दोघेही त्या दिवसापासून महायुतीत आहेत आणि काँग्रेसला या मतदारसंघात पुन्हा पहिल्यापासून उमेदवार शोधावा लागणार आहे.